चौथ्या पानावरच्या तीन ओळी

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी वही काढली. जुनीत अजून वीस पानं कोरी आहेत, पण या कामाची नोंद वेगळी असलेली बरी. उद्या कोणी विचारलं की अमक्या तारखेला कोण काय म्हणालं, तर माझ्याकडे लिहिलेलं असेल. वही घरीच ठेवणार. मुलीला, रिदाला, देवनागरी वाचता येत नाही आणि बायकोला, हुस्नाला, माझं अक्षर लागत नाही. ऑफिसात मयूर आहे, त्याला दोन्ही जमतं.

काम असं. वीस तारखेला दोह्यातल्या भारतीय लोकांसाठी मोठी गाण्याची संध्याकाळ आहे. पुण्याचा ‘तिरपागडे’ बँड येतोय. आपल्याकडे शेंबडं पोरही त्यांची गाणी म्हणतं, इथे तिकिटं दोन दिवसांत संपली. आणि पुढच्या रांगेत राजघराण्यातले एक वयोवृद्ध शेख बसणार आहेत. त्यांचं नाव मी वहीतसुद्धा लिहिणार नाही.

मंचावर जे जे बोललं जाणार, त्याचा शब्दन्शब्द आधी कागदावर येतो. त्याचं अरबी होतं, मंजुरीला जातं, आणि प्रत्येक पानाखाली सही असते माझी, अश्फाक माखजनकरची. कार्यक्रमात मी कागद घेऊन साउंडवाल्याशेजारी बसतो. कागदाबाहेरचा शब्द आला की त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, तो माइक बंद करतो. सहा वर्षांत असा हात तीनदाच ठेवावा लागला.

माझ्या आधी हे काम कासमभाई करत. त्यांच्या वेळी मुंबईचा एक विनोदी नट मंचावर कागदाबाहेरचं बोलला. सही कासमभाईंची. पंधरा दिवसांत बिऱ्हाड गुंडाळून ते दापोलीला परतले. चोवीस वर्षं इथे काढून मला तसं जायचं नाही. माझं कंत्राट जूनमध्ये संपतंय. ते वाढलं तर इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, तो असेल तर घर, हुस्नाचा दवाखाना, रिदाचं राहणं. सगळं त्या एका सहीला टांगलेलं आहे.

बँडची बाई नयना, तिने गाण्यांमधल्या बोलण्याचा मजकूर पाठवला. सतरा वाक्यं काढली. एकात ती म्हणणार होती की दोह्यात एवढा एसी आहे की तिचा आवाजही गोठला. सरकारी वातानुकूलनावर टीका कशाला?

४ फेब्रुवारी, मंगळवार

नयनाचं उत्तर आलं. ‘ठीक आहे अश्फाकभाई, जशी तुमची इच्छा.’ बस्स, एवढंच. सतरा वाक्यं कापली आणि बाई एका शब्दाने भांडली नाही. कलावंत माणूस इतक्या सहजासहजी ऐकत नसतो. काहीतरी शिजतंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जुम्म्याहून आलो तर रिदाने बातमी दिली की बँडच्या दिमतीला ती असणार. आठवडाभर त्यांच्याबरोबर फिरायचं, हवं-नको पाहायचं, भाषा सांभाळायची. तिचं अरबी माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं आहे, शाळेत शिकलीय. काम नीट झालं तर कंपनी तिला कायम घेईल म्हणे.

‘हे सुचवलं कोणी?’

‘मयूर,’ ती म्हणाली. ‘ही सेड आय वुड बी परफेक्ट.’

मयूर माझ्या हाताखाली आहे. जळगावचा, सत्तावीस वर्षांचा, एका वर्षाच्या कंत्राटावर आलेला. सकाळी माझ्या आधी येतो. माझा चहा माझ्या आधी आणून ठेवतो. माझ्या मुलीला काम मिळवून देतो. एवढा चांगुलपणा कशासाठी? एक तर त्याचा डोळा माझ्या खुर्चीवर आहे, नाहीतर पोरीवर.

हुस्नाला हे बोलून दाखवलं. ती मासे साफ करत होती. म्हणाली, ‘सगल्यांवर संशय घेतल्याबिगर तुमचा जेवान पचत नाय का ओ? त्या पोराचं लगीन ठरलंय. मना फोटू दाखवलान त्यानं.’

हुस्नाला फोटो दाखवला, मला नाही. हेही लिहून ठेवतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

इथल्या राष्ट्रीय खेळदिनाची सुट्टी. अल वक्राच्या समुद्रकाठी अख्खं गाव चालायला लोटलं होतं. मी आणि हुस्नाही गेलो. रिदा पुढे चालत होती, कानाला फोन. मध्येच एवढी हसली की थांबून गुडघ्यांवर हात ठेवले. मी जवळ जाताच ‘ओके, यल्ला, बाय’ म्हणून फोन खिशात.

‘कोण?’

‘नयना.’

अजून विमानात बसली नाही ती बाई आणि माझी मुलगी तिच्याशी इतकं हसतेय. माझ्याशी बोलताना ती कधी गुडघ्यांवर हात ठेवून हसल्याचं मला आठवत नाही. वाईट वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

बँड काल उतरला. चौघं जण. नयना म्हणजे साडेचार फुटांची बाई, आवाज मात्र बोटीच्या भोंग्याचा. ढोल-ड्रम वाजवणारा निवृत्ती तिच्या दुप्पट, आणि दिवसभरात चार शब्द बोलतो. त्याचाही संशय येतो. गप्प माणूस मंचावर काय करेल, सांगता येत नाही.

आज शेखसाहेबांच्या कार्यालयात शिष्टाचाराची भेट होती. स्वतः शेख नव्हते, त्यांचे सचिव होते. पाहुण्यांच्या दालनात, मजलिसमध्ये बसलो, खजूर आले, गहवा आला, इथली वेलचीची कॉफी. ओतणारा माणूस उभा राहतो, छोटं फिंजान, बिनकानाचा कप, भरतो, आपण पिऊन रिकामं धरलं की पुन्हा भरतो. पुरे असेल तर फिंजान हाताने जरा डावी-उजवीकडे हलवायचं, की तो निघून जातो. इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

नयनाला ठाऊक नव्हतं. तिने ‘पुरे’ म्हटलं, त्याने भरलं. तिने ‘नको नको’ करत मान हलवली, त्याने भरलं. ताटात पडलं ते टाकायचं नाही, या आपल्याकडच्या रीतीने ती प्रत्येक फिंजान संपवत गेली आणि तो भरत गेला. नऊ झाली. निवृत्तीने अकरा घेतली आणि काही बोलला नाही. सचिव गालातल्या गालात हसत होते. शेवटी रिदाने उठून नयनाच्या कानात सांगितलं, तेव्हा सुटका झाली.

गाडीत नयना पोट धरून हसत होती. ‘अश्फाकभाई, तुम्ही माझ्या समोर बसला होतात, एक खूण नाही का करायची?’

मला वाटलं होतं, बाई मुद्दाम करतेय, थट्टा म्हणून. म्हणून मी मोजत बसलो. हे तिला सांगितलं नाही. ‘ते माझ्या कामात येत नाही’ एवढंच म्हणालो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी हुस्नाने नयनाला जेवायला बोलावलं. मला विचारलं नाही. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, सांदण. बाई मांडी घालून जेवली आणि हुस्नाला म्हणाली, ‘काकी, मला इथेच ठेवून घ्या.’ हुस्ना लगेच विरघळली.

जेवणानंतर मी जरा आडवा झालो. स्वयंपाकघरातून फिंजानांचा किणकिणाट आणि तिघींचं हसणं. मग रिदाचा आवाज, ‘डोन्ट टेल अब्बा येट.’ मी उठून गेलो तर तिघी गप्प. ओट्यावर आमची ठेवणीतली सहाच्या सहा फिंजानं काढलेली, गहवा मात्र कुठेच नाही. हुस्ना फडक्याने कोरडीच फिंजानं पुसत होती.

मी काही विचारलं नाही. विचारलं की लोक सावध होतात.

ऑफिसला परत निघताना दारात रिदाने कागद पुढे केला. ‘अब्बा, साइन. पेज फोर बदललंय. वाचून घ्या.’ मी एक डोळा नयनाकडे ठेवून होतो, ती हुस्नाशी दबक्या आवाजात काय बोलतेय ते ऐकत. ‘तू आणलंयस ना?’ म्हटलं आणि सही केली. जगात एकाच माणसाच्या कागदावर मी न वाचता सही करतो, माझ्या पोरीच्या.

ती कागद घेऊन जरा वेळ तशीच उभी राहिली. ‘शुक्रन, अब्बा,’ म्हणाली. रंग उतरलेला वाटला. धावपळीने दमलीय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पकडलं.

सकाळी मयूरच्या टेबलामागून गेलो. त्याच्या स्क्रीनवर कार्यक्रमाचा अरबी मजकूर होता, पान चौथं. मला पाहताच त्याने खिडकी बदलली. तो जेवायला गेल्यावर मी माझी फाइल काढून प्रिंटरवर पडलेल्या पानाशी ताडून पाहिली. माझ्या फाइलीत चौथ्या पानावर नऊ ओळी. त्या पानावर बारा. तीन ओळी जास्त!

अरबी अक्षरं मला वाचता येतात, मदरशात शिकलो तेवढी. अर्थ धड लागत नाही. पण एक शब्द ओळखला, फिंजान. आणि त्याआधी ‘पुढची रांग’ असं काहीतरी. म्हणजे मंजूर मजकुरात कोणीतरी पुढच्या रांगेबद्दल वाक्य घुसडलंय. पुढच्या रांगेत कोण बसणार, हे मला सांगायला नको.

आता सगळं जुळतंय. बाई ते वाक्य बोलणार, सही माझी, कासमभाईंचं झालं तेच माझं होणार, आणि माझ्या खुर्चीत मयूर. म्हणूनच चहा, म्हणूनच रिदाला काम. पोरीला पुढे केलं की बाप बोलणार नाही, असा हिशेब.

एकदा वाटलं, सरळ त्यालाच विचारावं. मग वाटलं, चोराला विचारून कोण चोरी पकडतं?

एक वाजून दहा मिनिटांनी तारिकसाहेबांना तक्रार पाठवली. ते आमचे मॅनेजर, जॉर्डनचे. ‘मंजूर मजकूर माझ्या नकळत बदलला गेला आहे. मयूर यांच्यावर माझा संशय आहे.’ तीनदा वाचून मग पाठवली. हलकं वाटलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तारिकसाहेबांनी दुसरं काही पाहिलंच नाही. शेख येणार, धोका नको, म्हणून मयूरचा पास काढून घेतला. बाकीचं कार्यक्रमानंतर बघू म्हणाले.

मयूर माझ्या टेबलाशी आला. ‘भाई, माझा पास का काढला? माझं काही चुकलं का?’

‘मला काय माहीत,’ म्हणालो.

‘तुम्ही तारिकसाहेबांना विचाराल का? तुमचं ऐकतात ते. चार महिने या कार्यक्रमासाठी घासलोय, निदान मागे उभं राहून तरी बघू दे.’

मी ‘बघतो’ म्हटलं. तो माझ्यासाठी चहा ठेवून गेला. चहा प्यायलो नाही. तसाच गार झाला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल काय झालं ते नीट क्रमाने लिहितो, कारण मलाच अजून उलगडलेलं नाही.

सात वाजता सुरू. हॉल खचाखच. पुढच्या रांगेत सोफे, मधोमध शेख, पांढरी दाढी, हातात काठी. गहवा ओतणारे दोघं त्यांच्या मागे-पुढे. मंचाच्या दोन्ही बाजूंना पडदे, त्यांवर नयना जे बोलेल त्याचं अरबी उमटणार. मी साउंडवाल्याशेजारी, मांडीवर माझी फाइल, नऊ ओळींचं चौथं पान असलेली. रिदा मंचाच्या कडेला उभी होती. मान वाकडी करून मयूर कुठे दिसतो का ते शोधत होती.

पाच गाणी झाली. निवृत्तीने असा ड्रम वाजवला की मागच्या रांगा खुर्च्यांवर उभ्या राहिल्या. पुढची रांग मात्र हलेना. हात मांडीवर, चेहरे स्थिर. मोठी माणसं टाळ्या वाजवत नाहीत, असं नाही, पण आधी शेख वाजवणार, मग बाकीचे, आणि शेख नुसते बघत होते. हॉलमध्ये ते अवघडलेपण पसरायला लागलं होतं.

मग नयना पुढे आली. मंचाच्या अगदी कडेला, शेखसाहेबांच्या समोर. मी कागदावर बोट ठेवलं. ती हिंदीत म्हणाली, ‘मागच्या रांगांनो, आवडलं तर टाळ्या वाजवा. पुढच्या रांगेतल्या मान्यवरांनी ती तसदी घेऊ नये.’

हे माझ्या कागदावर नव्हतं. मी साउंडवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

माइक बंद झाला. ती बोलत होती, ओठ हलत होते, आवाज नाही. हॉल चिडीचूप. तिने माइककडे पाहिलं, त्यावर बोट आपटलं, मग थेट वर आमच्या दिशेने पाहिलं. मला वाटलं, वाचलो.

तेवढ्यात पडद्याकडे नजर गेली. अरबी ओळी उमटलेल्या होत्या. तीनच्या तीन. पडद्यावर फक्त मंजूर फाइल येते, ती मंजुरी देणाऱ्या कार्यालयातून थेट येते, आमच्या ऑफिसातून नाही. त्या ओळी तिथे कशा आल्या, हे मला कळेना.

नयनाने माइक खाली ठेवला. मोकळ्या हाताने हवेतलं फिंजान धरलं, प्यायली, आणि शेखसाहेबांकडे बघत ते हळूच डावी-उजवीकडे हलवलं. मग भुवया वर केल्या, प्रश्न विचारल्यासारख्या. पुरे झालं का आमचं? एवढ्याशा बाईने एवढ्या मोठ्या माणसाला भर सभेत हे विचारलं.

शेखसाहेबांनी पडदा वाचला. पुन्हा तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात खरंखुरं फिंजान होतं, रिकामं. त्यांनी ते हलवलं असतं तर सगळं तिथेच खलास होतं. त्यांनी फिंजान हलवलं नाही. हात लांब करून ते ओतणाऱ्यापुढे धरलं. त्याने भरलं. शेख एका घोटात प्यायले आणि पुन्हा धरलं. आणि हसले, दाढी हलेपर्यंत हसले.

मग पुढच्या रांगेतल्या एकेकाने फिंजान पुढे केलं. मागच्या रांगांत अरबी येणारे कमी, पण आधी पुढची रांग हसली, मग अर्थ कानोकानी मागे गेला, की पुरे झालं असेल तर फिंजान हलवा, आणखी हवं असेल तर भरायला धरा, आणि मग जे काही उसळलं ते थांबेना. साउंडवाल्याने मला न विचारता माइक सुरू केला. नयना म्हणाली, ‘मी नऊ प्यायलेय, तुमचा नंबर किती?’ हेही कागदावर नव्हतं, पण मी हात उचलला नाही. त्यांनी ठरल्यापेक्षा चार गाणी जास्त म्हटली.

बाहेर पडताना लोक माझा हात हातात घेऊन सांगत होते, तो माइक बंद पडायचा प्रकार काय जमून आला, ती शांतता नसती तर एवढी मजा आली नसती. कल्पना तुमची का? मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

रिदा गाडीत मागे बसली.

२३ फेब्रुवारी, रविवार

तारिकसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. उठून उभे राहिले, मिठी मारली. शेखसाहेबांच्या कार्यालयातून आभाराचा फोन आला होता. ‘आणि तू, अश्फाक, त्या शांततेची वेळ काय साधलीस! मला आधी सांगायचं तरी.’ मी मान डोलावली. मग त्यांनी एक कागद पुढे सरकवला. मयूरचं कंत्राट गुरुवारी संपवण्याचा. माझ्या तक्रारीच्या आधारे. त्याखाली माझी सही हवी होती, एवढी औपचारिकता राहिली होती.

मी म्हटलं, मंजूर फाइल एकदा बघू दे, तारखा लिहायच्या आहेत. खरं कारण ते नव्हतं. त्या तीन ओळी तीन दिवस मला झोपू देत नव्हत्या.

चौथं पान उघडलं. बारा ओळी. भाषांतर रिदा माखजनकर. तारीख सतरा फेब्रुवारी. खाली सही माझी. खोटी नाही, माझीच, ‘फ’ची शेपटी लांब ओढलेली, दारात उभ्याने केलेली. मंजुरीचा शिक्का अठराचा, सकाळचा. मयूरने एवढंच केलं होतं की माझ्या सहीचा कागद नेऊन दिला आणि आलेला प्रिंट काढून ठेवला. माझ्या टेबलावर ठेवण्यासाठी, बहुतेक. प्रिंटरवरून ते पान मीच उचललं होतं.

‘उद्या सही करतो,’ म्हणालो. तारिकसाहेब म्हणाले, ‘उद्या नक्की. इन्शाल्ला.’

बाहेर मयूर टेबल आवरत होता. बायकोचा, म्हणजे होणाऱ्या बायकोचा, फोटो त्याने पुठ्ठ्याच्या खोक्यात आधीच ठेवला होता. मी त्याच्याजवळून गेलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ऑफिसला जाण्याआधी रिदाला समोर बसवलं.

‘मला का नाही सांगितलं?’

तिने बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. ‘आय डिड टेल यू. वाचून घ्या म्हटलं.’

‘पण मी वाचलं नाही.’

‘हो.’ मग ती थांबून म्हणाली, ‘अब्बा, मी वाचा म्हणत होते आणि मनात दुवा करत होते की तुम्ही वाचू नका. बिकॉज वाचलं असतंत तर ते कापलं असतंत. अँड इट वॉज सो गुड. मी लिहिलेलं होतं ते. नयनाने नव्हे. मी.’

मला हे माहीत नव्हतं. ते वाक्य माझ्या पोरीचं होतं, आणि मी त्याचाच गळा दाबला होता. मला अभिमान वाटला आणि लाज वाटली, दोन्ही एकदम.

मग तिने विचारलं, ‘मयूरचं काय? तो सांगत नाही, पण ऑफिसात सगळे म्हणतात कोणीतरी कंप्लेंट केली.’

मी सांगितलं. सगळं. प्रिंटरवरचं पान, एक दहाचा मेल, चहा. ती ओरडली नाही. हुस्ना दारात उभी राहून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, ‘आता काय करतांव?’

करायला दोनच गोष्टी होत्या. पोरीने सही फसवून घेतली असं लिहिलं असतं तर माझं कंत्राट सुरक्षित राहिलं असतं, पण तिचं कायमचं काम गेलं असतं, आणि तिने तर मला वाच म्हटलं होतं. म्हणून दुसरं लिहिलं. इंग्रजीत, लॅपटॉपवर. ‘चौथ्या पानावरचा बदल मी स्वतः वाचून मंजूर केला होता. कामाच्या गडबडीत मी ते विसरलो आणि चुकीची तक्रार केली. कार्यक्रमात मंजूर वाक्य चालू असताना माइक बंद करण्याची चूक माझी आहे, ती योजना नव्हती. मयूर यांचा यात कोणताही दोष नाही. तक्रार मागे घेत आहे.’

चोवीस वर्षांत सही करण्याच्या कागदावर खोटं वाक्य मी पहिल्यांदा लिहिलं, ‘स्वतः वाचून’ हे. बाकी सगळं खरं आहे. जूनमध्ये माझ्यासारख्या विसराळू माणसाला कोण ठेवेल, मला ठाऊक नाही. हुस्नाला सांगितलं, तर म्हणाली, ‘जून अजून लांब हाय.’ पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

छापून सही केली आणि कागद रिदाच्या हातात दिला. म्हटलं, बघ, बरोबर आहे ना.

तिने वाचला. मग पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळीखाली बोट धरलं. तारीख पाहिली. मग टेबलावर सपाट ठेवून फोनने त्याचा फोटो काढला, आणि सहीचा वेगळा, जवळून.

‘फोटो कशाला?’ मी विचारलं. ‘मी आत्ता नेऊन देतोय.’

‘आय नो, अब्बा,’ ती म्हणाली. ‘जस्ट इन केस.’